नावेची बाजू

सांगलीच्या हळद पेठेत चाळीस वर्षे आडत दुकान चालवून आता गादी मुलाकडे सोपविलेल्या एका गृहस्थांचा चातुर्मासातील नेम ठरलेला आहे. दुपारी दुकानाच्या माडीवर बसून दोन तास वाचन करावयाचे आणि ग्रंथ संपला की एका जुन्या वहीत त्याचा हिशेब लिहावयाचा. पानाच्या मध्ये उभी रेघ. डावीकडे जमा, उजवीकडे नावे. ग्रंथाने जे दिले ते जमेस, आणि जे द्यावयाचे राहिले ते नावे. घरात सारे त्यांना आप्पा म्हणतात. यंदा त्यांच्या वहीत तीन ग्रंथ चढले.

पहिला लक्ष्मीबाई टिळकांचा ‘स्मृतिचित्रे’. १९३४ ते १९३६ या काळात चार भागांत प्रसिद्ध झालेला हा ग्रंथ सूनबाईंनी आग्रहाने हाती दिला होता. वडिलांच्या सोवळ्याचा अतिरेक किंवा पतीचा उतावळा स्वभाव सांगताना बाई कोणाची भीड धरीत नाहीत आणि तरीही कोणाविषयी कडवट होत नाहीत, हे आप्पांनी जमेस धरले. नावेची बाजू त्यांनी कोरीच सोडली. असे त्यांच्या वहीत क्वचित घडते.

दुसरा गांधीजींचा ‘सत्याचे प्रयोग’. हे त्यांचे तिसरे वाचन. रायचंदभाईंवरील प्रकरण ते पुनःपुन्हा उघडतात. हिऱ्यामोत्यांचा पारखी असलेला हा तरुण व्यापारी लाखोंचा व्यवहार आटोपताच धर्मग्रंथ वा रोजनिशी उघडून बसे, असे गांधीजी लिहितात. इतका आदर बाळगूनही आपण त्यांना गुरुपदी बसवू शकलो नाही, हेही ते मोकळेपणी सांगतात. आप्पांच्या मते या दुसऱ्या वाक्यामुळेच पहिल्यावर विश्वास बसतो. तक्रार एकच: प्रकरण फार लवकर संपते. तोट्याच्या सौद्यात रायचंदभाई कसे वागत, हे एखाद्या आडत्याला हवे असते आणि नेमके तेच तेथे नाही.

ती भूक भागविली तिसऱ्या ग्रंथाने. जौनपूरच्या श्रीमाळ जैन जवाहिऱ्याच्या घरात १५८६ साली जन्मलेल्या बनारसीदासांनी आग्र्यात १६४१ साली ‘अर्धकथानक’ लिहिले. मनुष्याचे आयुष्य एकशे दहा वर्षांचे धरले, तर पंचावन्न वर्षांची ही अर्धी कथा. दोहा-चौपाईतील ६७५ पद्ये. मुंबईत नाथूराम प्रेमी यांनी ती संपादून छापली. भाषा जुनी असल्याने आप्पांना रोज दहा-बारा पद्यांपलीकडे जाता येत नसे. ते म्हणतात, हळकुंड चावून पाहावे तसे हे वाचन होते. घाईने कस कळत नाही.

वडिलांनी रत्ने, तूप, तेल आणि कापड देऊन मुलाला आग्र्यास धाडले. काही रत्ने कपड्यात बांधलेली गळून गेली, काही उंदराने नेली. भांडवल संपले. मग हा व्यापारीपुत्र रात्री दहा-वीस श्रोत्यांपुढे ‘मधुमालती’ आणि ‘मृगावती’ वाचू लागला आणि एका कचोरीवाल्याकडे उधारीवर जेवू लागला. काही महिन्यांनी त्याने धीर करून सांगितले, की माझ्याकडे पैसे नाहीत, यापुढे उधार देऊ नकोस. कचोरीवाल्याने वीस रुपयांपर्यंत खुशाल खा म्हटले. उधारी चौदा रुपये झाली आणि पुढे ती चुकतीही झाली. अकबराच्या निधनाची वार्ता ऐकून जिन्यावरून पडून डोके फुटल्याची हकिकत या ग्रंथात आहेच. परंतु आप्पांनी तिच्यापेक्षा या चौदा रुपयांवर अधिक लिहिले. पत म्हणजे काय, हे त्यांना कोणत्याही अर्थशास्त्राच्या पुस्तकात इतके स्वच्छ दिसले नव्हते.

नऊ अपत्ये झाली आणि नऊही गेली, हे बनारसीदास थोडक्या शब्दांत उरकतात. आप्पांनी प्रथम ते नावे टाकले. आठ दिवसांनी ती नोंद त्यांनी स्वतःच काटली. शेवटी आपले गुण सांगून झाल्यावर हा माणूस त्याच सुरात आपले दोषही मांडतो. हल्ली भेट म्हणून येणारी उद्योगपतींची गुळगुळीत कागदावरील चरित्रे तिसाव्या पानानंतर नुसती शिडी चढत राहतात. आप्पांना ती वाचवत नाहीत.

त्याच सुमारास मुलांनी पेढीच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेचा मसुदा त्यांच्यापुढे ठेवला. त्यात एक वाक्य होते, की २००५च्या महापुराने पेवांतील माल नेला, तरी पेढी डगमगली नाही. आप्पांनी मसुदा दोन दिवस उशाशी ठेवला.

हरिपूरच्या पेवांत त्या वर्षी त्यांची स्वतःची हळद होती आणि भाव चढेपर्यंत शेतकऱ्यांनी ठेवलेलीही होती. पेव उघडले तरी आतला वायू जाईपर्यंत माणूस उतरवता येत नाही. माल काढावयाचा तर वेळ हाताशी ठेवून ठरवावे लागते. कृष्णेचे पाणी वाढत होते तेव्हा धाकटे बंधू माल काढण्याविषयी दोनदा सांगून गेले. आणखी थोडा भाव येईल म्हणून आप्पांनीच नकार दिला. पुढे शेतकऱ्यांचे पैसे तीन वर्षांत फिटले. परंतु पेवांची देखरेख बंधूंकडे असल्याने पेठेत चूक त्यांच्या नावावर गेली आणि आप्पांनी ती कधी खोडून काढली नाही. पाडव्याला बंधू पेढीतून वेगळे झाले. येणे-जाणे राहिले, क्षमापनेला हात जोडणेही राहिले, हा विषय मात्र कधी निघाला नाही.

आप्पांनी मसुद्यातील ते वाक्य काढले आणि त्या जागी एक पानभर मजकूर लिहिला. मुलाला तो नको होता. स्मरणिका ग्राहकांच्या हाती जाणार, असे त्याचे म्हणणे. ते अगदीच चुकीचे नव्हते. आप्पांनी वाद घातला नाही. छापण्याचे नंतर पाहू म्हणाले आणि तो कागद घेऊन बंधूंच्या घरी गेले.

बंधूंनी चष्मा लावून सावकाश वाचले. मग खिशातील पेन काढून त्यांनी ‘चारशे पोती’ यातील आकडा खोडला आणि वर ‘चारशे साठ’ लिहिले.

“साठ पोती पलीकडच्या पेवात होती, दादा,” ते म्हणाले, “ती तुम्ही विसरलात.”