पैसा लावण्याआधी जिल्हा पाहा

माझ्या खालाजानचा मुलगा सोळा वर्षे दुबईत राबून कायमचा घरी आला. आल्याबरोबर म्हणाला, "भाईजान, पांढरकवड्याकडे एका जिनिंगमध्ये भागीदारी मिळतेय. सगळी शिल्लक टाकतो." त्या शिलकीत दोन मुलींचे शिक्षण होते. मी म्हणालो, "आधी माझ्यासोबत एसटीत बस."

दिवाळीच्या सुट्टीत निघालो. यवतमाळात प्रथम शकुंतलेचे स्टेशन दाखवले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ब्रिटिश भांडवलाने मूर्तिजापूरपर्यंत हा अरुंद रूळ टाकला, तो इथला कापूस बाहेर नेण्यासाठी. कापूस गेला, नफाही गेला. आज गाडी बंद आहे. वर्धा-यवतमाळ-नांदेड मार्गावर वर्ध्याहून कळंबपर्यंत गाडी धावली, ती फेब्रुवारी २०२४ मध्ये. तोवर मालाची भिस्त ट्रकवरच.

"पण आपल्या जिल्ह्याने मुख्यमंत्री दिले ना?" त्याने विचारले. दिले. पुसदचे वसंतराव नाईक १९६३ ते १९७५ आणि सुधाकरराव नाईक १९९१ ते १९९३. आज विधानसभेचे सात मतदारसंघ आहेत. मात्र लोकसभेला हे सात यवतमाळ-वाशीम, चंद्रपूर आणि हिंगोली अशा तिघांत वाटले गेले आहेत. जिल्ह्याचे गाऱ्हाणे दिल्लीत एका तोंडाने मांडले जात नाही.

पांढरकवड्याच्या वाटेवर कापसाच्या गाड्या लागल्या. एका जिनिंगच्या मुनीमजींनी हिशेब समजावला. एक क्विंटल कापसातून साधारण ३४ किलो रुई निघते, बाकी बहुतेक सरकी. १७० किलोची एक गाठ बांधायला पाच क्विंटल कापूस लागतो. हंगाम दिवाळीपासून उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत. पुढे यंत्रे बंद, खर्च चालू. यवतमाळजवळ लोहाऱ्याला रेमंडचा डेनिम कारखाना आहे, तरी बरीचशी रुई कापड होण्यासाठी बाहेरच जाते.

शिवाय हा धंदा शेतकऱ्याच्या जिवावर उभा. पाऊस हुकला की आवक घटते. २०१७ मध्ये फवारणीच्या विषबाधेने याच जिल्ह्यात वीसहून अधिक माणसे गेली. ज्याच्या घरात चूल पेटत नाही, त्याच्या मालावर आपला नफा किती दिवस टिकणार?

मारेगावमार्गे वणीला पोहोचलो. तिथे कोळसा आहे, राजूरला चुनखडी आहे. कोळसा सरकारी कंपनीचा. लहान माणसाच्या वाट्याला वाहतूक, दुरुस्ती, खानावळ. केळापूर, मारेगावकडे आदिवासींच्या जमिनी आहेत. सरकारी परवानगीशिवाय त्या बिगर-आदिवासीला घेता येत नाहीत, म्हणून सातबारा नीट वाचल्याशिवाय बयाणा देऊ नये.

परतताना तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "भागीदार म्हणतो, दरमहा ठरलेली रक्कम देईन, तोटा माझा."

"जिथे पावसाचा भरवसा नाही, तिथे हा दरमहाची रक्कम कशी ठरवतो? ते विचार. आणि भागीदारी म्हणजे नफ्यात वाटा, तसा तोट्यातही. ठरलेली रक्कम घेतलीस तर ते व्याजच झाले."

दुसऱ्या दिवशी त्याने भागीदाराकडे तीन गोष्टी मागितल्या: मागच्या तीन हंगामांच्या वह्या, जागेचा सातबारा आणि हा एक हंगाम काट्यापाशी बसायची मुभा. वह्या अजून आलेल्या नाहीत. पैसे बँकेतच आहेत, आणि खालाजानला आता रात्री झोप लागते.