तोवरचं काय?

कॅनडातल्या व्हँकुव्हरच्या ईस्ट हेस्टिंग्ज रस्त्यावर 'इनसाइट' नावाची जागा सप्टेंबर 2003 मध्ये उघडली. आत जाताना खरं नाव सांगावं लागत नाही, टोपणनाव चालतं. आज काय घेणार आहात, एवढं विचारतात. माल ज्याचा त्याने आणायचा, तिथे तो मिळत नाही. मिळते ती निर्जंतुक सुई, पाण्याची कुपी, दंडाला बांधायची पट्टी आणि आरशासमोरची एक खुर्ची. अशा डझनभर खुर्च्या ओळीने मांडलेल्या. नर्स कुणाला टोचून देत नाही, ती लक्ष ठेवते. कुणाचा श्वास मंदावला, ओठ निळे पडू लागले, की ऑक्सिजन, आणि तेवढ्याने भागलं नाही तर नॅलॉक्सोनचं इंजेक्शन. तसं काही झालं नाही तर पलीकडच्या खोलीत थोडा वेळ बसायचं, कॉफी घ्यायची, आणि आलो तसं रस्त्याला लागायचं.

हे मी घरी वाचून दाखवलं तेव्हा यजमान म्हणाले, "म्हणजे परमिट रूमच की!" आणि वर्तमानपत्रात डोकं घातलं. या विषयावर जगभर जेवढा वाद झाला त्याचा निम्मा भाग या चार शब्दांत येतो, असं मला नंतर हळूहळू कळत गेलं. उरलेला निम्मा जास्त अवघड आहे.

व्यसन म्हटलं की आपल्यापैकी माझ्या वयाच्या बहुतेकांच्या डोळ्यांपुढे पुण्याचं मुक्तांगण उभं राहतं. अनिल अवचटांची 'गर्द'वरची लेखमाला वाचून पु. ल. आणि सुनीताबाई अस्वस्थ झाले, त्यांनी लाखाची देणगी देऊ केली, आणि 29 ऑगस्ट 1986 ला डॉ. अनिता अवचट यांनी येरवड्यात ते केंद्र सुरू केलं. तिथल्या रीती आपल्याला ऐकून माहीत असतात. आधी टर्की, म्हणजे नशा थांबल्यावरचा त्रास, सोसायची, मग पस्तीस दिवस राहायचं, योग, गटचर्चा, समुपदेशन, घरच्या माणसांचीही समजूत घालायची. पूर्वी स्वतः व्यसनात असलेलीच माणसं तिथे नव्याने आलेल्याला धीर देतात. या सगळ्याला पाया एकच: आता सोडायचं. मला त्या वाटेबद्दल अपार आदर आहे. तिने किती संसार सावरले हे मोजायला माझ्याकडे माप नाही.

त्याच 1986 साली, मुक्तांगणच्या दोनेक महिने आधी, स्वित्झर्लंडमधल्या बर्न शहरात अशी पहिली खोली उघडली होती. म्हणजे एकाच पावसाळ्यात दोन शहरांनी एकाच दुखण्याला दोन उत्तरं दिली. पुण्याचं उत्तर सोडायला तयार झालेल्यासाठी होतं. बर्नचं, अजून तयार न झालेल्यासाठी. ही दोन उत्तरं एकमेकांविरुद्ध आहेत असं धरूनच आजवर भांडणं झाली आहेत. माझ्या मते ती एकामागोमाग येणारी आहेत. माणूस सोडेल तेव्हा सोडेल. तोवरचं काय?

या 'तोवर'ला शरीराच्या बाजूने एक अर्थ आहे, तो नीट समजून घ्यायला हवा. हेरॉइन, फेंटानिल ही सगळी अफूच्या गोतावळ्यातली द्रव्यं. मेंदूतलं जे केंद्र आपल्या नकळत श्वास चालवतं, त्यालाच ती गुंगी आणतात. प्रमाण जास्त झालं की माणूस गाढ झोपल्यासारखा दिसतो, कधी घोरतोही. मग दोन श्वासांमधलं अंतर वाढत जातं, आणि थोड्याच मिनिटांत मेंदूला इजा व्हायला लागते. नॅलॉक्सोन हे औषध मेंदूतल्या ज्या जागी ते द्रव्य बसलेलं असतं तिथून त्याला हुसकावतं आणि माणूस अक्षरशः दचकून उठतो. मात्र ते स्वतःचं स्वतःला देता येत नाही, कारण तोपर्यंत शुद्ध गेलेली असते. त्याला दुसरं माणूस लागतं. आरसे, खुर्च्या, नर्स, दारावरची नोंदवही हा सगळा खटाटोप त्या एका दुसऱ्या माणसासाठी आहे.

गिरगावात आमच्या चाळीत, मधल्या मजल्यावर एक मुलगा होता. नव्वदीची सुरुवात. आधी पन्नीवर गर्द ओढायचा, नंतर सुईवर गेला. घरातली भांडी गेली, आईच्या पाटल्या गेल्या, सगळं जसं होतं तसंच झालं. मग त्याला एका केंद्रात ठेवलं. परत आला तेव्हा गालांवर मांस चढलं होतं. त्याच्या आईने चाळीत पेढे वाटले. पुढे थोड्याच आठवड्यांनी तो गच्चीवरच्या टाकीच्या खोलीत सापडला. दार आतून लावलेलं, तोडावं लागलं. जमलेल्या गर्दीत प्रत्येकजण म्हणत होता, "सोडलं असतं तर वाचला असता." त्याने सोडलं होतं. तेच तर झालं. महिना-दोन महिने शरीराला सवय राहिली नाही की पूर्वी पचत असे तेवढीच मात्रा जीव घेते. उपचारातून किंवा तुरुंगातून बाहेर पडल्यानंतरचे पहिले काही आठवडे सगळ्यात घातक, हे आता कुठलाही डॉक्टर सांगतो. तेव्हा चाळीत कुणाला ठाऊक नव्हतं, आणि शरमेपायी त्या मुलाने कडी लावून घेतली होती.

म्हणून व्यसनमुक्ती विरुद्ध ही खोली असा सामना लावला की मला वैताग येतो. ज्याचा पाय घसरला त्याला दुसऱ्यांदा मुक्तांगणात जायचं तरी जिवंत असावं लागतं.

व्हँकुव्हरला ही गोष्ट कुणी अभ्यासिकेत बसून पटवली नाही. नव्वदीत त्या शहराच्या डाउनटाउन ईस्टसाइड भागात माणसं इतकी मरू लागली की 1997 मध्ये तिथल्याच लोकांनी ओपनहायमर पार्कमध्ये हजार लाकडी क्रूस रोवले. पुढे होता बड ऑसबर्न, स्वतः हेरॉइनच्या विळख्यातून गेलेला कवी. व्यसन करणाऱ्यांनी स्वतःची संघटना काढली आणि ती माणसं महापालिकेच्या सभेत जाऊन बोलू लागली. त्या वेळचे महापौर फिलिप ओवेन हे धंदेवाल्यांच्या, उजव्या वळणाच्या पक्षाचे. त्यांना हे पटत गेलं आणि त्याची किंमत म्हणून त्यांच्याच पक्षाने त्यांना वाऱ्यावर सोडलं. 2002 च्या निवडणुकीत महापौर झाले लॅरी कॅम्पबेल. ते आधी प्रांताचे मुख्य कॉरोनर होते, म्हणजे या मृत्यूंचे कागद वर्षानुवर्षं त्यांच्याच टेबलावरून गेलेले. राजकारणात उतरायला याहून सबळ कारण असलेला पुढारी मला चटकन आठवत नाही.

पुढे राजधानी ओटावात सरकार बदललं, आणि केंद्र सरकारने इनसाइटची परवानगी पुढे चालू ठेवायला नकार दिला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. 30 सप्टेंबर 2011 ला नऊच्या नऊ न्यायमूर्तींनी सांगितलं की हा नकार मनमानी आहे आणि त्याने माणसाच्या जगण्याच्या हक्कावर घाला येतो. त्याच वर्षी 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या अभ्यासात इनसाइटच्या अर्ध्या किलोमीटरच्या परिसरात अतिमात्रेने होणारे मृत्यू 35 टक्क्यांनी घटल्याचं दिसलं. उरलेल्या शहरातली घट 9 टक्क्यांच्या आसपास होती. शिवाय इमारतीच्या वरच्या मजल्यावर 2007 पासून व्यसन सोडवण्यासाठी खोल्या आहेत. खाली येणाऱ्याला वाटलंच तर जिना चढायचा.

सिडनीची हकिगत मला जास्त आवडते, कारण तिथे परमार्थाचाच पेच पडला. किंग्ज क्रॉस भागात असं केंद्र चालवायला 1999 मध्ये सिस्टर्स ऑफ चॅरिटी तयार झाल्या होत्या. या कॅथलिक जोगिणींचं शहरात जुनं, नावाजलेलं रुग्णालय. व्हॅटिकनने त्यांना माघार घ्यायला लावली, कारण पापाला हातभार लागता कामा नये. मग युनायटिंग चर्च या प्रॉटेस्टंट पंथाने ते काम अंगावर घेतलं आणि मे 2001 मध्ये केंद्र सुरू झालं. एकच ख्रिस्त, एकच रस्ता, आणि दोन निवाडे. केंद्राला वीस वर्षं झाली तोवर दहा लाखांहून अधिक वेळा लोकांनी तिथे सुई टोचून घेतली होती, हजारोंचा श्वास अडकला होता, आणि तिथे एकही मरण पावला नव्हता. कायद्याच्या कागदावर मात्र जवळजवळ दहा वर्षं ते 'प्रायोगिक'च राहिलं.

इथपर्यंत मी तावातावाने बोलू शकते. माझी भाची टोरंटोला असते, तिच्याशी फोनवर बोलताना माझा ताव उतरतो.

"मावशी, तू पुण्यात बसून लॅन्सेट वाच," ती म्हणते. "मी रोज सकाळी मुलीचं बोट धरून त्या फुटपाथवरून जाते." तिच्या भागातलं केंद्र तिला आधी मान्य होतं, म्हणजे निवडणुकीत तिने त्या बाजूने मत दिलं होतं. मग जुलै 2023 मध्ये टोरंटोतल्या अशाच एका केंद्राबाहेर भर दिवसा गोळीबार झाला आणि रस्त्याने चाललेली दोन मुलांची आई त्यात गेली. कशाशी संबंध नसलेली बाई. त्यानंतर भाचीला कुठलाही तक्ता दाखवून उपयोग नव्हता, आणि मीही दाखवला नाही. टोरंटो ज्या प्रांतात येतं त्या ऑन्टॅरिओच्या सरकारने 2024 च्या अखेरीला कायदा केला: शाळा किंवा पाळणाघरापासून 200 मीटरच्या आत अशी खोली नको. मार्च 2025 संपेपर्यंत अशा केंद्रांना टाळी लागायची होती.

तिचं भय खोटं नाही. गिऱ्हाईक जिथे जमतं तिथे विकणारा येणारच, आणि बंदूक असते ती त्याच्याकडे. खोली उघडताना आत नर्स ठेवली, बाहेरचा फुटपाथ वाऱ्यावर सोडला, तर शेजाऱ्यांनी का सोसावं? या चळवळीतल्या लोकांचा मला एक राग आहे. शेजारी कुरकुरले की ते त्यांना निर्दय ठरवून मोकळे होतात. सुया उचलायला माणूस, रात्रीचा दिवा, कोपऱ्यावर पोलीस ही काही फार मोठी मागणी नव्हे.

पण सरकारने बदली म्हणून जे दिलं तेही मला पटलं नाही. नवी केंद्रं निघाली, त्यांत उपचार आहेत, निवाऱ्याची सोय आहे. सुया बदलून मिळणार नाहीत, आणि देखरेखीखाली टोचायची सोय नाही. म्हणजे पुन्हा तीच अट आली: सोडायला तयार असलास तर दार उघडं. नसलास तर? खोली बंद होते त्या दिवशी गिऱ्हाईक व्यसन सोडत नाही, ते फक्त गल्ली बदलतं, आणि बहुधा एकटं पडतं.

एकटेपणावरून आणखी एक गोष्ट, जी खोलीच्या कैवाऱ्यांना अडचणीची वाटते. व्हँकुव्हर ज्या प्रांतात आहे त्या ब्रिटिश कोलंबियात 2016 पासून सार्वजनिक आरोग्याची आणीबाणी चालू आहे. इनसाइट तिथे असूनही, न्यायालयात जिंकूनही. हेरॉइनच्या जागी फेंटानिल आलं, त्याच्या मात्रेत चुकायला जागाच फार थोडी. आणि आता बरेचजण सुई घेतच नाहीत, धूर घेतात. मरतात ते बहुतेक घराच्या आत, भाड्याच्या खोलीत, एकेकटे. सुईसाठी बांधलेल्या खोलीपर्यंत ते पोचतच नाहीत. एका खोलीने शहर वाचतं असं कुणी सांगत असेल तर तो थापा मारतो. खोलीत आलेला वाचतो, इतकंच.

ग्लासगोला हे सगळं डोळ्यांपुढे असूनही 2016 पासून फायली फिरत राहिल्या. 2020 मध्ये पीटर क्रायकंट नावाच्या, स्वतः एके काळी सुईवर असलेल्या माणसाने एक व्हॅन आतून सजवून रस्त्यावर उभी केली आणि बेकायदा काम सुरू केलं. अधिकृत केंद्र, 'द थिसल', जानेवारी 2025 मध्ये उघडलं. सबंध ब्रिटनमधलं पहिलं. त्या काळात स्कॉटलंडमध्ये वर्षाला हजारावर माणसं अमली पदार्थांनी मरत होती.

आपल्याकडे काय? 2019 च्या राष्ट्रीय पाहणीचा अंदाज असा की देशात साडेआठ लाख लोक सुईने अमली पदार्थ घेतात. एचआयव्ही रोखण्याच्या कार्यक्रमातून आपलं सरकार त्यांना कोऱ्या सुया देतं, संस्थांचे कार्यकर्ते त्या वाटतात. सरकारी केंद्रांमध्ये ब्युप्रेनॉर्फिनची गोळी रोज दिली जाते, आणि ती जिभेखाली पूर्ण विरघळेपर्यंत कर्मचारी समोर थांबतो. म्हणजे सुई सरकारची चालते, समोर उभं राहून लक्ष ठेवणंही चालतं. पण ती सुई टोचायची कुठे, तर रेल्वेच्या रुळांकडेला किंवा पुलाखाली. 1985 च्या एनडीपीएस कायद्यात सेवन हा गुन्हा आहे, आणि त्यासाठी जागा वापरू देणारा 25 व्या कलमाखाली येतो. स्वेच्छेने उपचाराला गेलेल्याला 64-अ कलम अभय देतं. पुन्हा तेच, सोडायला निघालेल्याला.

भाची मला मध्यंतरी म्हणाली, "बरं, तुझ्या सोसायटीशेजारी उघडली तर चालेल?" मी म्हटलं, चालेल, पण मी आज खोली मागणारच नाही. मी आधी नॅलॉक्सोन मागेन: सुया वाटणाऱ्याच्या पिशवीत, पोलिसाच्या गाडीत, आणि केंद्रातून घरी निघालेल्या प्रत्येकाच्या आईच्या हातात, कसं द्यायचं ते शिकवून. मग गोळी देणारी केंद्रं वाढवा, ती कामाच्या वेळेआधी उघडा, म्हणजे बिगारीवर जाणाऱ्याचा रोज बुडणार नाही. खोलीचा ठराव त्यानंतर आणू. सोसायटीच्या सभेत त्या ठरावाला हात वर करणारी कदाचित मी एकटीच असेन. यजमान तटस्थ राहतील. आणि सेक्रेटरी तो विषय पार्किंगच्या नंतर घेतील.

"मग आणणार कधी तो ठराव?" तिने विचारलं. तिकडे पाळणाघर सुटायची वेळ झाली होती, त्यामुळे बोलणं तिथेच राहिलं.