नाकाचा हिशेब

मैत्रिणींनो, डॉक्टरांनी ‘कसं वाटतंय?’ असं विचारलं की आपलं उत्तर ठरलेलं : ‘बरंय, थोडी सर्दी आहे इतकंच.’ नाक चोंदल्यामुळे रात्र उशीला टेकून बसून काढलेली असते, तरी बरंय! एवढ्यावर डॉक्टरांनी तरी औषध कसं ठरवावं?

आमच्या ट्रॉम्ब्यात शिंक आली की सगळे माहुलच्या तेलशुद्धीकरण कारखान्यांच्या धुराड्यांकडे बोट दाखवतात. दूषित हवेने त्रास वाढतो हे खरंच. पण ॲलर्जीचं मूळ पुष्कळदा घरातच असतं. गादी-उशांच्या धुळीत डोळ्यांना न दिसणारे किडे असतात, खाडीकाठच्या दमट हवेत भिंतींना बुरशी धरते. म्हणून ही सर्दी बारमाही.

आमच्या जाऊबाईंना एका डॉक्टरीणबाईंनी एक साधी रीत सांगितली. शिंका, खाज, नाक वाहणं आणि नाक चोंदणं, या चौघांना रोज वेगवेगळे आकडे द्यायचे. काहीच नसेल तर 0. जाणवतं पण त्रास नाही, 1. त्रास होतो पण सोसवतो, 2. झोप किंवा काम बिघडतं, 3. बेरीज फार तर 12. औषधांच्या चाचण्यांतही हीच पद्धत वापरतात, बरं का! जाऊबाई कॅलेंडरवर दुधाच्या हिशेबाशेजारीच लिहू लागल्या. ‘दूध दीड लिटर, नाक सात!’ म्हणून मुलं चिडवायची.

आठवड्याभरात चित्र उघड झालं. शिंका, खाज 1, वाहणं 2, पण चोंदणं रोज 3. आणि खरी मेख इथेच आहे. ॲलर्जीच्या गोळीने शिंका, खाज, वाहणं आटोक्यात येतं. चोंदलेल्या नाकावर तिची मात्रा फारशी चालत नाही. तिथे स्टेरॉइडचा फवारा जास्त उपयोगी पडतो. म्हणजे नुसती बेरीज पाहून भागत नाही, ती कशाने वाढली आहे तेही पाहावं लागतं. जाऊबाई मात्र वर्षभर गोळ्याच घेत होत्या!

‘स्टेरॉइड’ ऐकून सासूबाई दचकल्या. पण फवाऱ्यात औषध अगदी थोडं असतं आणि त्याचं काम मुख्यतः नाकातच चालतं. तो नाकाच्या मधल्या पडद्यावर न मारता बाहेरच्या बाजूला मारायचा. पूर्ण गुण यायला दोन आठवडेही लागतात, तिसऱ्या दिवशी ‘काही उपयोग नाही’ म्हणून बाटली ठेवून देऊ नये. दोन ते चार आठवड्यांत आकडे हललेच नाहीत, तर वही घेऊन पुन्हा डॉक्टरांकडे जावं. फवारा चुकीचा मारला जात असेल, नाहीतर दुखणंच वेगळं असेल. सुरुवातीचा आकडा मोठा, म्हणून औषध लागू पडणार नाही असं मुळीच नाही. जाऊबाईंचं चोंदणं तिसऱ्या आठवड्यात 1 वर आलं, आणि त्या आडव्या होऊन झोपू लागल्या.

नाक मोकळं करणारे थेंब मात्र दुकानातून आणून दिवसेंदिवस घालू नका हं. पाच-सात दिवसांनंतर तेच नाक उलट जास्त चोंदवतात. आणि एकच नाकपुडी सतत बंद राहत असेल किंवा शेंबडात रक्त दिसत असेल, तर आकडे मांडत बसू नका, सरळ डॉक्टरांना दाखवा.