नव्या घरातले जुने बिऱ्हाड

‘जुने ते सोने’ म्हणणाऱ्यांपैकी मी नव्हे. पण दादांच्या आठवणी होत्या जुन्या संगणकात, आणि गेल्या पावसाळ्यात त्याने राम म्हटला. फायली तेवढ्या वाचल्या. नव्या संगणकावर उघडल्या, तर मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांचा नुसता पाचोळा! युनिकोड रुळण्यापूर्वीचा तो फॉन्ट. आणि त्याचे सॉफ्टवेअर चालणार २००१ सालच्या विंडोज एक्सपीवरच.

मी हौसेने एक्सपी नव्या यंत्रावर चढवू लागलो. ड्रायव्हरवाचून तिला नवी डिस्क ओळखता येईना. पडदा निळा करून बाईसाहेब स्वस्थ बसल्या! शिवाय मेमरी १६ जीबी, आणि हिची धाव ४ जीबीपर्यंत.

अखेर भाच्याने नव्या प्रणालीच्या पोटातच एक आभासी संगणक मांडला आणि एक्सपीला तिथे बिऱ्हाड थाटून दिले.

“मामा, हिला इंटरनेट मात्र द्यायचं नाही हं. २०१४ मध्येच हिची नियमित देखभाल थांबली.”

म्हाताऱ्या माणसाला नव्या घरात एक खोली पुरते. त्याला धावायला लावू नये, एवढेच.

पाने उघडली. पहिल्याच ओळीत माझे नाव होते, दादांच्या सवयीप्रमाणे ऱ्हस्व-दीर्घ चुकवून. आता रोज दोन पाने युनिकोडमध्ये उतरवतो. ती चूक मात्र तशीच ठेवली आहे.