हलक्या वाऱ्यासाठी शीड निवडताना

गोव्यात दोना पावलाला पावसाळा सरला की वाऱ्याची वेळ ठरून जाते. सकाळी जमिनीवरून मतलई वारा, दुपारी वायव्येकडून खारा वारा. मी दुपारचाच विंडसर्फिंगला उतरतो. पण हा खारा वारा बरेचदा १० ते १२ नॉटच्या पुढे जात नाही आणि माझ्याकडे होतं ते ६.२ चौरस मीटरचं शीड. माझं वजन ७४ किलो. या शिडावर बोर्ड पाण्यावर उचलला जाऊन सुसाट निघायला मला १५ नॉट तरी लागतात.

वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. वारा १५ वरून ११ नॉटवर उतरला, तर जोर जवळपास निम्मा राहतो. ही सगळी तूट नुसत्या कापडाने भरायची तर साडेअकरा चौरस मीटरचं शीड हवं. ते पेलायला बोर्डही तसाच रुंद लागेल, आणि माझा बोर्ड १३० लिटरचा. काही तूट मोठ्या शिडाने भरावी, उरलेली जोराने पंप करून, म्हणजे शीड हातांनी पुन्हापुन्हा ओढून, असं मी ठरवलं.

७ चौरस मीटरचं घेण्यात अर्थ नव्हता, इतक्या जवळच्या मापाने फारसा फरक पडत नाही. राहिले ७.८ आणि ८.५. ओळखीच्यांकडून दोन्ही मागून घेतली. ८.५ ला कॅम्बर होते, म्हणजे शिडातल्या पट्ट्या मास्टवर टेकवणारे तुकडे. त्यामुळे झुळूक पडली तरी शिडाचा पोट धरलेला आकार मोडत नाही, वेग टिकतो. चालताना ते सुरेख वाटलं. पण हलक्या वाऱ्यात पडलं की शीड आपल्याला पाण्यातून उचलून उभं करत नाही, बोर्डवर चढून दोरीनेच ते वर ओढावं लागतं. कॅम्बरच्या शिडाची मास्टभोवतीची खोळ रुंद, तिच्यात पाणी भरतं, आणि पाठीचा कस लागतो. बिनकॅम्बरचं ७.८ हलकं, चटकन वर येणारं. मी तेच घेतलं. हलक्या वाऱ्याच्या शिडाचं वजन त्याच्या मापाइतकंच महत्त्वाचं, असं माझं ठाम मत आहे.

शिडामागून बाकीचा खर्च येतोच. ४३० सेंटिमीटरच्या मास्टऐवजी ४६० चा, बूम लांब, आणि फिन ३८ ऐवजी ४८ सेंटिमीटरचा. छोट्या फिनवर मोठं शीड लावलं की बोर्ड आडवा घसरतो.

फॉइलचा, म्हणजे बोर्डला पाण्याबाहेर उचलणाऱ्या पाण्याखालच्या पंखाचा, सल्ला अनेकांनी दिला. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये विंडसर्फिंग फॉइलवरच झालं, आणि कमी वाऱ्यात त्याला तोड नाही. पण ओहोटीला इथे पाणी उथळ, शिवाय मासेमारीची जाळी, म्हणून मी तो विचार सोडला.

आता ११ नॉटला मी निघतो. आउटहॉल, म्हणजे शीड बूमवर ताणणारी दोरी, थोडा सैल सोडतो, पोट भरू देतो, दोनचार पंप मारले की बोर्ड सुटतो. ८ नॉटखाली मात्र मोठ्या शिडाचाही उपयोग नाही. तेव्हा डॅगरबोर्ड (मधोमध पाण्यात उतरणारी फळी) असलेला लांब बोर्ड आणि जुनं ६.२ च घ्यावं.