ओरडली काऊन नाही?

परवा चहाच्या टपरीवर पेपरातल्या एका बलात्कार खटल्यावर चर्चा रंगली होती. आरोपीचा बचाव एकच, तिची संमती होती. ओळखीतले एक काका म्हणाले, "मान्य नव्हतं तर ओरडली काऊन नाही?" सगळ्यांनी माना डोलावल्या. मी गप्प राहिलो, चहा संपवून निघालो.

मंडळी, हा प्रश्न आपल्या देसाईगंजमधून, म्हणजे आपल्या वडशातून, एकदा थेट सुप्रीम कोर्टात गेलाय. २६ मार्च १९७२. भावाने केलेल्या तक्रारीसाठी एक आदिवासी पोरगी पोलीस ठाण्यात गेली होती. वय १४ ते १६. भावाला बाहेर थांबवलं, दार आतून लावलं. आरोपी दोन पोलीस. मथुरा प्रकरण ते हेच.

सेशन कोर्टाने संमती धरून दोघांना सोडलं. हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाने शिक्षा दिली. भीतीपोटी शरण जाणं म्हणजे संमती नव्हे, असं सांगितलं. १९७८ मध्ये सुप्रीम कोर्टाने पुन्हा सोडलं. कारण काय, तर अंगावर जखमा नाहीत, प्रतिकाराच्या खुणा नाहीत. दहशतीखाली दिलेली संमती ही संमती नसते, हे १८६० च्या दंड संहितेत होतं, तरीही!

१९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि वसुधा धागमवार या कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. देशभर आंदोलनं झाली. १९८३ मध्ये कायदा बदलला. पोलीस कोठडीतल्या बलात्कारात शरीरसंबंध सिद्ध झाला आणि बाई कोर्टात "संमती नव्हती" म्हणाली, तर कोर्टाने तसंच गृहीत धरायचं. २०१३ मध्ये आणखी स्पष्ट झालं की केवळ प्रतिकार केला नाही म्हणून संमती होती असं मानता येत नाही. आजच्या न्याय संहितेच्या कलम ६३ मध्येही तेच आहे.

संमतीचा बचाव घेणं हा आरोपीचा हक्कच आहे, त्याबद्दल वाद नाही. पण गप्प राहणं हा त्याचा पुरावा कसा?

त्या दिवशी काकांना वाटलं असेल, याला पटलं. पटलं नव्हतं, भीड पडली एवढंच. रोजच्या टपरीवर, ओळखीच्या माणसांत माझ्या तोंडून शब्द फुटला नाही. तिच्यासमोर तर खाकी वर्दी होती आणि दार बंद होतं.

उद्या काकांना हे सांगणार आहे.