दहिवराचा बर्फ

चीनच्या ईशान्येस सोंगहुआ नदीच्या काठी हार्बिन नावाचे शहर आहे. जानेवारीत तेथील रात्रीचे तापमान उणे 20 अंशांच्याही खाली उतरते. नदी इतकी घट्ट गोठते, की तिच्यातून बर्फाच्या लाद्या कापून काढतात, त्यांचे मनोरे, वाडे आणि पूल रचतात व आत दिवे लावतात. 1963 साली तेथील एका बागेत बर्फाच्या कंदिलांचे प्रदर्शन भरले. 1985 पासून जानेवारीत मोठा हिमोत्सव होऊ लागला. या कंदिलाची मूळ युक्ती रात्री नदीवर जाणाऱ्या कोळ्यांची म्हणून सांगतात. बादलीभर पाणी उघड्यावर ठेवायचे. कडेचे पाणी आधी गोठते, मधले ओतून द्यायचे आणि त्या पोकळीत दिवा ठेवायचा, म्हणजे तो वाऱ्याने विझत नाही.

नववीच्या वर्गात हे सांगितल्यावर मुलांनी साहजिकच विचारले, "सर, आपण कधी जायचं?" निवासी शाळेच्या सहलीच्या खर्चात हार्बिन बसणार नव्हते, महाबळेश्वर बसत होते. मी मूळचा सांगलीचा, नोकरीनिमित्त साताऱ्यात स्थायिक झालेलो. वेण्णा तलावाकाठी दहिवर गोठल्याची बातमी दर हिवाळ्यात वर्तमानपत्रात वाचत आलो होतो, पाहिले मात्र कधीच नव्हते. तेव्हा जानेवारीतील एका शनिवारी 22 मुले घेऊन मेढ्यामार्गे एस.टी.ने निघालो आणि ओळखीच्या एका शिक्षकाच्या शाळेत मुक्काम केला.

महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारे 1,370 मीटर उंचीवर आहे. तेथील वेधशाळेत पारा सहसा शून्यापर्यंत उतरत नाही. पण आकाश निरभ्र आणि वारा पडलेला असला, की जमीन रात्रभर आपली उष्णता वर सोडत राहते, जड झालेली गार हवा उतारावरून घरंगळत तलावाच्या सखल भागात साचते आणि गवताच्या पात्यावरचे दहिवर गोठते. गावात स्वेटर पुरतो आणि दोन किलोमीटरवर बर्फ असतो, तो यामुळे.

आम्ही पहाटे पोहोचलो तेव्हा गवतावर, होड्यांच्या फळ्यांवर आणि उभ्या मोटारींच्या टपांवर पांढरा थर होता. मीठ भुरभुरावे तितकाच. मुलांनी तो नखांनी खरवडून जिभेवर ठेवला. कानटोप्या घातलेले पर्यटक मोबाईलवर छायाचित्रे काढीत होते. पलीकडच्या स्ट्रॉबेरीच्या शेतात मात्र पाचोळ्याची शेकोटी करून चार बाया बसल्या होत्या. त्यांतील एक म्हणाली, "पान्यावर ह्यो पडला की पान करपतं, फळ काळं पडतं. तुमाला गंमत वाटती."

जत तालुक्यातील एक मुलगा माझ्याजवळ उभा होता. सहसा तो बोलत नाही. "सर, ही माणसं थंडी बघायला पैसं खर्चून येत्यात?" त्याने विचारले आणि मग आपणहून सांगू लागला. आमच्याकडे येण्यापूर्वी चार हंगाम तो आईवडिलांबरोबर ऊसतोडीच्या टोळीत वाळवा-कराडकडे जात असे. पहाटे तीनला कोपीतून उठायचे. उसाच्या पाल्यावर दहिवर असते, फडात शिरले की पहिल्या पाच मिनिटांत कपडे भिजून अंगाला चिकटतात, आणि गारठलेल्या हाताला पाते कापले तरी कळत नाही. रक्त दिसल्यावरच कळते. धाकट्या बहिणीला पाचटाच्या ढिगात पुरून ठेवायचे, कारण पाचट उबदार असते. इतर मुले बर्फ विसरून ऐकत होती. त्यांतील आणखी दोघांनी माना डोलावल्या. त्यांना हे ठाऊक होते. मला, इतकी वर्षे उसाच्या जिल्ह्यात काढून, पाचटाची ऊब ठाऊक नव्हती.

तलावावरून परतताना मी माझ्या विषयाकडे वळलो. हा तलाव 1842 साली साताऱ्याच्या आप्पासाहेब महाराजांनी बांधविला. त्याआधीच, 1828च्या सुमारास, गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी येथे थंड हवेचे ठाणे वसविले होते. मात्र येथील सुरुवातीचे रस्ते तयार करण्यासाठी आणि बटाटे, भाजीपाला पिकविण्यासाठी राबले ते चिनी व मलायी कैदी. पूर्वेकडील इंग्रजी वसाहतींतून त्यांना येथे आणून साधारण 30 वर्षे तुरुंगात ठेवले होते. साहेब लोक ज्या गारव्यासाठी डोंगर चढून येत, त्याच गारव्यात ही उष्ण मुलुखातील माणसे कुदळ मारीत. मार्गदर्शक पुस्तिकांत पॉइंटांना साहेबांची नावे आढळतात. कैद्यांची नावे मला तरी कोठे आढळली नाहीत. जतच्या मुलाने विचारले, "त्यांना पाचट मिळत होतं का?" या प्रश्नाचे उत्तर गॅझेटिअरमध्ये नाही.

साताऱ्यात परतल्यावर मुलांनी कंदिलाचा ध्यास घेतला. शाळेजवळच्या आइस्क्रीमवाल्याने डीप फ्रीझरचा एक कोपरा रात्रभर रिकामा करून दिला. पहिली बादली पूर्ण गोठली. कंदील कसला, नुसती लादी निघाली. दुसरी आठ तासांनी काढली. वरची पापडी फोडून मधले पाणी ओतले, बादलीला बाहेरून कोमट पाणी लावले आणि जाड भिंतींचे एक पारदर्शक भांडे हातात आले. रात्री वसतिगृहाच्या अंगणात त्यात मेणबत्ती लावली. मुले आळीपाळीने तो कंदील हातात धरीत होती आणि बोटे बधिर झाली की पुढच्याला देत होती. जतच्या मुलाची पाळी आली तेव्हा त्याने आधी स्वयंपाकघरातून दोन पोती आणली, घडी घालून हातांखाली घेतली आणि मग कंदील धरला. त्याच्याकडे तो सर्वांत जास्त वेळ टिकला.